दुसऱ्या भिंतीचं माप

मंगळवार, ९ ऑक्टोबर
दुपार

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. भाऊजींच्या गुडघ्याला आराम पडला का ते कळव. नाहीतर राहू दे, ते फोनवर सांगतीलच. गुडघ्याची गोष्ट त्यांच्याइतकी रंगवून कुणालाच सांगता येत नाही.

पत्राबरोबर एक लांबलचक पुडकं येईल. पत्र पूर्ण वाचल्याशिवाय ते उघडू नकोस. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. भांडायला लागले की मी आधी रडते. मग तू म्हणतेस, "बरं बरं, पाणी पी आधी." आणि मी मुकाट पाणी पिते. पाणी पिऊन होईस्तोवर तुझं म्हणणं मला पटलेलं असतं.

तर बातम्या. मला आठवा लागला. पाय सुजतात, चपला दोन नंबर मोठ्या घ्याव्या लागल्या. दुकानात मास्तरांनी माझं स्टूल उंच करून दिलंय आणि हल्ली मला फक्त अल्टरेशन देतात. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, ब्लाउज सैल करायचे. "सगळ्या गावाची कंबर सैल करतेस, तुझी कोण करणार?" हा विनोद मास्तर रोज करतात आणि रोज नव्यानं हसतात. मीही हसते. सुट्टी त्यांच्याच हातात आहे.

घरात बाळाची जागा आम्ही कधीच ठरवली होती. आतल्या खोलीत खिडकीखाली, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये. तिथली माझी कापडाची गाठोडी पलंगाखाली गेली, सुतारबुवांची हत्यारांची पेटी बाहेरच्या खोलीत. आमच्या सुतारबुवांबद्दल काय सांगू? मला डोहाळे लागले आणि पोट त्याचं सुटलं. मी दोन घास जास्त खायचे, तर हा सोबतीला चार खायचा. संध्याकाळी हातपाय धुऊन माझ्या पोटाशी बसायचा आणि बाळाला दिवसभराचा हिशोब द्यायचा. "आज वकिलांकडचं दार बसवलं बरं का. बिजागरी कुरकुरत होती, तेल घातलं. उद्या खिडक्या." बाळानं लाथ मारली की म्हणायचा, "पटलं त्याला." पलंगाचे कोपरे त्यानं पॉलिशपेपरनं घासून असे गुळगुळीत केलेत की माझी चादर घसरते.

हे सगळं खरं होतं, ताई. नाटक नव्हतं. म्हणूनच पचत नाही.

तुझंही खरंच असेल. पहिलं बाळंतपण माझ्याकडेच करायचं, दवाखाना जवळ आहे, असं तू किती लाडानं म्हणालीस. मी हुरळून गेले. झबली शिवत होते तर म्हणालीस, "कशाला एवढं शिवत बसतेस, इथे मी सगळं आणून ठेवलंय." बाटल्यासुद्धा आणल्यास. "पहिल्यापासून बाटलीची सवय लावू, म्हणजे तू कामाला मोकळी." मी मास्तरांना कौतुकानं सांगितलं, आमच्या ताईला सगळं पुढचं सुचतं.

खरंच सुचत होतं तुला.

मागच्या आठवड्यात पाळणा तयार झाला. सुतारबुवांनी तो कारखान्यातच ठेवला होता. पॉलिशचा वास जाऊ दे, मग आणू, असं म्हणत टाळत होता. मला गादी शिवायची होती. दुपारी डबा द्यायच्या निमित्तानं गेले. तो मालकांबरोबर गिऱ्हाइकाकडे गेला होता. पाळणा कापडाखाली होता. कापड काढलं आणि ताई, डोळे भरून आले. चारी पाय वळणदार, कठड्याला हाताला टोचेल अशी एक कूस नाही. गालावर घासून पाहिलं मी ते लाकूड. मग टेप लावली. गादीचं माप घेतलं, शिवणीची माया धरली आणि माझ्या लक्षात आलं की हा पाळणा आमच्या खिडकीखाली मावणारच नाही. चांगला वीतभर लांब.

मी आधी हसले. आमचे सुतारबुवा चुकले! ज्या माणसानं आजवर एक फळी वाया घालवली नाही, तो स्वतःच्या बाळाच्या पाळण्याला चुकला. केवढा आनंद झालाय, माप विसरला, असंच वाटलं मला. आता वर्षभर चिडवायला झालं.

त्याची पद्धत तुला सांगायला हवी. तो माप कागदावर मांडत नाही. प्रत्येक कामाला एक लाकडी पट्टी घेतो, जागेवर धरतो आणि पेन्सिलीनं तिच्यावरच खुणा करतो. इथे भिंत संपली, इथे खिडकी, इथे कपाट. खिडकीला चौकोन, दिव्याच्या बटणाला गोल, कपाटाला फुली. काम संपलं की पट्टी रंधा मारून कोरी करतो, पुढच्या कामाला घेतो. म्हणजे कोपऱ्यात जी पट्टी उभी असते ती चालू कामाचीच.

कुठे चुकला ते बघावं म्हणून मी ती पट्टी उचलली.

फुली होती. चौकोन होता. चौकोनाच्या शेजारी, खालच्या बाजूला, एक गोल होता.

आमच्या खिडकीशी बटण नाही. आमचं बटण दाराशी आहे.

खिडकीजवळ इतक्या खाली बटण असलेली खोली मी आयुष्यात एकच पाहिली आहे. तुझी मागची खोली. जिथे मी वाढले. त्या बटणाशी मी चालू-बंद, चालू-बंद खेळत बसायचे आणि तू स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "बल्ब जाईल, चिमणे!"

कपाटाचं दार दुरुस्त करायला तू त्याला बोलावलं होतंस तेव्हा मला उलट्या होत होत्या, मी आले नव्हते. एका दारासाठी हा मुक्कामाला राहिला. ताईंनी आग्रह केला म्हणाला. तेव्हाच मापं घेतली असणार.

तरीही मी मनाची समजूत घातली बरं का. बाळंतपण तिकडे आहे, काही दिवस तिथे राहायचं, म्हणून पाळणा तिथल्या मापाचा केला असेल. मग इथे काय? इथे बाळ कशात झोपणार? दोन पाळणे करायचे होते तर तो बोलला असता. तो बिजागरीसुद्धा बाळाला सांगतो.

घरी आला तेव्हा पट्टी जेवायच्या टेबलावर ठेवली होती.

"ही कुठली?" मी विचारलं.

"असेल जुन्या कामाची."

"जुन्या पट्ट्या तू रंधून टाकतोस."

तो खाली बसला. चपलासुद्धा काढल्या नाहीत. मग म्हणाला, "ताईंनी विचारलं."

"काय विचारलं?"

"नाही म्हणायला माझं तोंडच उघडेना. तुझ्यासाठी काय काय केलंय त्यांनी! त्यांच्या घरात काही नाही. एकच गोष्ट मागितली त्यांनी आयुष्यात." आणि मग म्हणाला, "आपल्याला काय, अजून होतील."

ताई, आपल्याला अजून होतील, असं म्हणाला तो. माझ्या पोटाकडे बघत नव्हता, पट्टीकडे बघत होता.

"मला कधी सांगणार होतात?"

"ताई म्हणाल्या, बाळंतपण झालं की त्या स्वतः समजावतील. आत्ता सांगितलं तर तुझं बीपी वाढेल."

माझ्या बीपीची केवढी काळजी केलीत तुम्ही दोघांनी! मी तेव्हा हसले. तो घाबरला. मग मी उठून जेवण वाढलं, त्याला एकट्याला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

तू समजावणार होतीस. अंगात त्राण नसताना, दूध सुटलेलं असताना, माझ्या हातात पाण्याचा पेला देऊन समजावणार होतीस. आणि मी प्यायले असते गं. हीच भीती वाटते मला. मी कदाचित ऐकलंही असतं.

आता मला लिहायचं नव्हतं ते लिहिते. आई गेल्यावर मला शाळेत सोडायला तू यायचीस. वेणी इतकी घट्ट घालायचीस की डोळे ओढले जायचे. तुझं शिक्षण सुटलं, तुझ्या मैत्रिणी पांगल्या, माझ्या गोवरात तू रात्रंदिवस उशाशी बसलीस. तुझी बाळं राहिली नाहीत तेव्हा तुझ्या चादरी मी धुतल्या आहेत, तुझी पाठ मी चोळली आहे. तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस. यातलं मी काहीच विसरलेले नाही. पण वाढवलेल्या पोरीनं हे असं फेडायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू मला विचारायचं होतंस. मी नाही म्हणाले असते, हे खरं. तुझ्या गळ्यात पडून, रडून, नाही म्हणाले असते. तुला ते माहीत होतं, म्हणूनच तू मला विचारलं नाहीस. ज्याला तुझ्यापुढे नाही म्हणता येत नाही, त्याला गाठलंस. त्याची चीड येते मला. पण तो मला चार वर्षांपूर्वी भेटला. तू तर मला चालायला शिकवलंस.

तुझ्या घरात मी कुणाचं लेकरू होते ते मला कधी विचारावं लागलं नाही. माझ्या घरात माझं लेकरू कुणाचं, हे मला एका पट्टीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी पाळणा घरी आणवला. खिडकीखाली लावून पाहिला, मावला नाहीच, कपाटावर आडवा आला. मी म्हटलं, "काप."

"पॉलिश झालंय. जोड उचकटावे लागतील."

"उचकट. मी बसते इथे."

आणि बसले. त्यानं एक बाजू सोडवली, लांब दांड्या वीतभर कापल्या, टोकं पुन्हा खाचेत बसतील अशी तासली. करवत चालताना त्याचा हात एकदा थांबला, नाक पुसलं त्यानं, आणि पुन्हा कापायला लागला. मला दया आली नाही असं नाही. मी ती दाखवली नाही. पाळणा आता खिडकीखाली बसतो. कापल्या बाजूचं पॉलिश जुन्याशी जुळलेलं नाही, जोड दिसतो. तो पुन्हा लावून देतो म्हणाला, मी नको म्हटलं.

तो हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो. संध्याकाळी मात्र अजून येतो, दारातच उभा राहतो आणि बाळाला सांगतो, आज काय काय केलं. मी ऐकत नाही असं दाखवते. काल बाळानं लाथ मारली, तेव्हा "पटलं त्याला" असं तो म्हणाला नाही.

बाळंतपणासाठी इथल्याच दवाखान्यात नाव घातलंय. खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई सोबत येणार आहेत. तू येऊ नकोस. मी बोलावीन तेव्हा ये. कधी बोलावीन ते आज सांगता येत नाही, बोलावीन की नाही तेही नाही. भाऊजींना यातलं काही माहीत होतं का, तेही मला कळवू नकोस. एका माणसाचा गुडघा तरी मला मन लावून ऐकता यावा.

आता पुडकं उघड. त्यात ती पट्टी आहे. फुली, चौकोन, गोल, मी काही खोडलेलं नाही. तो रंधून टाकत होता, मी टाकू दिली नाही. खोली तुझी, खिडकी तुझी, बटण तुझं. भिंतीला लावून बघ, बरोबर बसेल. माप घेण्यात तो कधी चुकत नाही.

रडू आलं तर पाणी पी.

तू वाढवलेली,
चिमणी