तपती : अत्यंत गोपनीय

३ जानेवारी
तीन महिन्यांत आजोबा होणार! आणि नातच होणार, हे मला आतून कळलंय. बायको म्हणाली, आपल्या मुलाच्या वेळीही असंच आतून कळलं होतं, फ्रॉक घेऊन आला होतात. जुनं उकरायची खोड वाईट.

५ जानेवारी
नाव ठेवायचा मान मला! सूनबाईनं स्वतः दिला. अट एकच : आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं ते नाव नको. तिच्या वर्गात तिच्या नावाच्या चौघी होत्या. बिचारीला सगळे 'चष्मेवाली' म्हणून ओळखायचे. अट मोडली तर मान विहीणबाईंना. त्या टपूनच बसल्यात. बसू देत.

११ जानेवारी, दुपारी
सापडलं. तपती! सूर्याची लेक, कुरूची आई. म्हणजे कौरव-पांडव सगळे हिचेच वंशज. अर्थ, तापणारी, तेजस्वी. बायको म्हणाली, घरात ताप कमी आहे का? सूनबाई मात्र खूश. एवढंच म्हणाली, बाबा, कुणाला सांगू नका हं.
मला सांगते! प्रसूतिगृहासमोर माझं मेडिकल. जगाची गुपितं माझ्या पोटात. कोपऱ्यावरचा टेलर केस उगवायचं तेल नेतो, कधी कुणाला बोललोय? दोघातिघांना सोडून.

१४ जानेवारी
नाव खरंच दुर्मीळ आहे का, हे तपासायला नको? गिऱ्हाइकांना सहज विचारतो, 'तपती' ऐकलंय? सगळे नाही म्हणतात. मग अर्थ सांगतो, कुरूपर्यंत सगळी गोष्ट सांगतो. हे सांगणं नव्हे. संशोधन.

२ फेब्रुवारी
निकाल उत्तम. एकानंही ऐकलेलं नाही. एक जोडपं तर इतकं भारावलं की बिलाच्या मागे लिहून घेतलं. पेन मीच दिलं. लोकांना ज्ञानाची भूक आहे, भागवणारा हवा.

१९ फेब्रुवारी
आज एक म्हणाला, हो, ऐकलंय, आमच्या मेव्हणीच्या मुलीचं. अपवाद.

८ मार्च
आणखी दोन अपवाद. समाजात पुराणवाचन वाढतंय. आनंदाची गोष्ट. बायको म्हणाली, पुराण कोण वाचून दाखवतंय ते बघा. तिरकस बोलणं माहेरचं.

९ मार्च, सकाळी
ठराव : आजपासून तोंडाला कुलूप. विषयच काढायचा नाही.

९ मार्च, संध्याकाळी
एक नवा बाप आला. मुलीला नाव सुचेना म्हणून अगदी काकुळतीला आला होता. मला बघवेना. पण ठराव म्हणजे ठराव. त्याला फक्त कुठलं नाव ठेवायचं नाही, तेवढं सांगितलं.

२७ मार्च, पहाटे
नात! म्हणालो नव्हतो? गोरीपान, नाक माझं. बायको म्हणाली, देव करो आणि तोंड तुमचं नसो.

१० मे
नातीच्या लसीसाठी सगळे दवाखान्यात. विहीणबाईही. नर्सनं दारातून हाक मारली, तपती! तीन आया उठल्या. आमची सूनबाई अर्धी उठली होती, ती परत बसली.
त्यातल्या एकीचा नवरा धावत आला, माझे दोन्ही हात धरले, म्हणाला, काका, तुमच्यामुळे नाव मिळालं! त्याला आवाज जरा हळू करता आला असता.
विहीणबाईंनी पदर सारखा केला. परतताना सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. मी तीनदा विषय काढला, हवेचा.

१२ मे
नाव ठरलं. विहीणबाईंनी ठेवलं. फार गोड आहे म्हणे. मोठ्या मनानं विचारलं, काय? सूनबाई म्हणाली, बाबा, रागावू नका, पण दाखल्यावर चढेपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय. बायकोला माहीत आहे. मुलाला माहीत आहे. भांडीवालीला माहीत आहे. मी खोलीत आलो की सगळे 'बाळ, बाळ' करतात.
वाईट वाटलं. खूप वाटलं. इथे लिहायला हरकत नाही.
संध्याकाळी तासभर मांडीवर होती. टक लावून बघत होती माझ्याकडे. हाक मारावीशी वाटली.
'अगं' म्हणालो.