काटा धरणारा

३ ऑक्टोबर

वजनाचा दिवस. पुरुषांचा वॉर्ड, बेचाळीस जण. गेल्या हिवाळ्यात इथला पेशंट एसेन "पोटात दगड आहे" म्हणत राहिला. आम्ही डोक्याच्या गोळ्या वाढवल्या! आतडं अडलं होतं. गेला बिचारा. तेव्हापासून मनोरुग्णालयात दर महिन्याला मी यायचं, प्रत्येकाचं वजन बघायचं — तीन किलो उतरले की शहराच्या इस्पितळात.

काटा डुगडुगतो. जुमाकादिर खाली बसून तो दोन्ही हातांनी धरतो. इथलाच जुना पेशंट, पूर्वी डोंगरात मेंढ्या राखायचा. काट्यावर चढण्याआधी येईल त्याची पाठ चाचपतो. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा तिलेक आला — तो कुणाशीच बोलत नाही — तर जुमाकादिर म्हणाला, "डॉक्टरबाई, ही मेंढी हिवाळा काढायची नाही!"

वजन एकच किलो कमी. नर्स अनारकुल म्हणाली, "घ्या! आता मेंढपाळ निदान करणार." मीही हसले.

१० ऑक्टोबर

मन खात होतं. तिलेकच्या छातीचा फोटो काढला. क्षय! आजच शहरात हलवला. वेळेत सापडला म्हणे.

जुमाकादिरला घरचे बोर्सोक, तळलेले पिठाचे गोळे, नेले. त्याने एकही न खाता वाटून टाकले.

७ नोव्हेंबर

वजनं ठीक. जुमाकादिर चाचपून आकडा आधीच सांगतो, सिगरेटची पैज लावतो. दोनदा जिंकला, लबाड!

त्याचा पायजमा घसरत होता. "नाडी तुटली." बँडेज दिलं बांधायला.

"आणि हा खोकला?"

"तंबाखू, बाई."

अनारकुल म्हणाली, "जुमाकादिर आके, अहो दादा, डॉक्टरच व्हा आता, म्हणजे मी सुटले!"

५ डिसेंबर

बर्फ. उशिरा पोचले. वजनं उरकली. कुणाचंच उतरलेलं नाही. बरं वाटलं.

६ डिसेंबर

घरी यादी उतरवली. तिलेक गेल्यावर उरले एक्केचाळीस. वजनं चाळीस. पुन्हा मोजली — चाळीसच. नोव्हेंबरातही एक कमी. ऑक्टोबरातही! मागची पानं काढली. दर महिन्याला एकाच नावापुढे कोरं.

जुमाकादिर.

७ डिसेंबर

आज काटा अनारकुलने धरला. एकोणपन्नास किलो. भरती झाला तेव्हा एकाहत्तर होता.

"अरे, बोलला का नाहीस?"

"मग काटा कोणी धरला असता, बाई?"