एका हाताची भाकरी

गुरुवार, १२ फेब्रुवारी १९९८, कोल्हापूर

ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रुग्णाला रोजची कामं पुन्हा शिकवायच्या कोर्सच्या, शेवटच्या वर्षाला आहे मी, आणि आज दवाखान्यात उपचाराला आलेल्या कागलच्या आक्कांनी मलाच धडा दिला. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात लुळा पडलाय. डाव्या हाताच्या सरावासाठी भोकांत खुंट्या बसवायची पाटी पुढं ठेवली, तर म्हणाल्या, "ही पोरांची खेळणी कशाला? एका हातानं भाकरी थापायला शिकव की. न्हायतर उद्यापासनं येत न्हाय मी."

पुस्तकात भाकरी कुठंय?

घरी येऊन उजवा हात ओढणीनं कमरेला बांधला. पाच भाकऱ्या मोडल्या. आई ओरडली, "पीठ नासू नकोस!" अडचण हाताची नव्हतीच, परात सरकत होती. खाली ओला टॉवेल घातला. सहावी वाकडी झाली, पण तव्यावर अख्खी पडली.

उद्या परात आणि टॉवेल नेणार. आक्कांची भाकरी मोडली तरी माझे दोन्ही हात पाठीमागं.