हाताने केलेला नेसरीचा ओढा

३ जून १९९८
ड्रॉइंग टीचरकीतून रिटायर झालो एकदाचा. आता फक्त कला. नेसरीचा आमचा ओढा आटला, करंजाची राई तोडून ऊस लावला. कुणाला सोयरसुतक नाही. त्यावर फिल्म करणार. कॅमेरा नको. कोऱ्या फिल्मवर खरी पानं, खरे पंख चिकटवायचे आणि प्रोजेक्टरवर फिरवायचे. महाराष्ट्रात पहिलाच प्रयोग. बहुतेक भारतातही.

७ जून
कोरी फिल्म मिळेना. वडील, अप्पा, फिल्म स्टुडिओत कामाला होते, त्यांच्या ट्रंकेत एक रीळ सापडलं. भिंगातून पाहिलं: ओढा, राई, मध्ये कुणीतरी बाई. कंपोझिशन कच्चं. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवलं. फिल्म काचेसारखी स्वच्छ! मोरी काळी झाली म्हणून दानेश्वरीनं घर डोक्यावर घेतलं. बायकोला कदर नाही.

१५ जून
चतुराच्या पंखांसाठी नेसरीला गेलो. ओढ्याचं गटार. एकही चतुर नाही. शेवटी घरातल्या ट्यूबखालचे वाळवीचे पंख झाडून घेतले. पानं नर्सरीतली. पडद्यावर कोण ओळखतंय?

२१ जून
गडहिंग्लजहून आक्काचा फोन. म्हणाली, अप्पांनी वड्यावर अव्वाचं शूटिंग केलंतं, ते रीळ तुझ्याकडंच हाय की. मला जन्म देऊन अव्वा गेली. आक्का तेव्हा चार वर्षांची. घरात एक फोटो नाही. आता मोतीबिंदू काढून घेते, मग एकदा तिचं तोंड बघते, म्हणाली. मी हो म्हणालो. एकदम नाही कसं म्हणणार?
ती बाई पाठमोरी होती. बरीचशी पाठमोरी.

५ जुलै
आक्काचं ऑपरेशन झालं. पेपर वाचते म्हणे. फिल्मही पूर्ण. अव्वा तीत आत्म्यानं आहेच. मॉडर्न आर्ट आहे. आक्काला हळूहळू समजेल.

१२ जुलै
शो. प्रेक्षक दोन. आक्का नवं लुगडं नेसून आलेली. काळा चष्मा काढून अगदी पुढं बसली. पंख फडफडले, पानं सरकली, मग रीळ अडकून जळालं. आक्का पांढऱ्या पडद्याकडं बघतच राहिली. म्हणाली, अव्वा दिसंना रं. डोळं नीट झालं न्हाईत वाटतं.
दानेश्वरीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, तसंच असेल.
आक्काला उद्या पुन्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचं.