भांडारात पाडलेला उजेड

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. पुढे कुणाला चरित्र लिहायचं झालं तर सोय असावी.
प्रभारी भांडारप्रमुख होऊन नऊ महिने झाले. प्रभारी म्हणजे राबायचं खऱ्यासारखं आणि मान मात्र अर्धाच. वीस मार्चला वरचे साहेब तपासणीला येणार. त्या दिवशी चार नंबरचं विमान उडालं तर मी कायम होणार. नाही उडालं तर परत काळोखेबाईंच्या शेजारच्या टेबलावर. आमची सहाही मालवाहू विमानं माझ्या लग्नापेक्षा जुनी आहेत आणि तेवढीच कुरकुरतात. ती बनवणारा कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली. सुटे भाग मिळवणं ही माझी जबाबदारी.

५ जानेवारी
काळोखेबाई हे नाव मी ठेवलंय. भांडारात अठ्ठावीस वर्षं. सगळा माल बंद कपाटात, काळ्या कागदात, खिडक्यांना पडदे. म्हणे रबराला उजेड सोसत नाही. रबर काय बाळंतीण आहे?
संकल्प : रेझिलियंट सप्लाय चेन, म्हणजे कधीच न तुटणारा पुरवठा. एक्केचाळीस स्लाइड तयार. शेवटच्या स्लाइडवर माझा फोटो.

१२ जानेवारी
विमानाची चाकं खाली उतरवणाऱ्या यंत्रणेत रबरी रिंगा असतात. रिंग गेली की तेल गळतं. तेल गेलं की चाकं उतरत नाहीत. आमच्याकडे बत्तीस रिंगा उरल्यात. नवा पुरवठादार म्हणाला, आठ महिने लागतील. फोनवर चांगला झापला. मग म्हणाला, दहा. धाक बसलेला दिसतो.

१९ जानेवारी
पांढरा बोर्ड आणला. पडदे काढून खिडकीसमोर लावला. चौसष्ट खिळे. प्रत्येक रिंग दोन खिळ्यांवर ताणून बसवली, म्हणजे लोंबत नाही. दारातून मोजता येतात. याला व्हिज्युअल मॅनेजमेंट म्हणतात.
बाई म्हणाल्या, रिंगा ताणू नका, उन्हात ठेवू नका, वाया जातील. मी म्हटलं, लेखी द्या. तासाभरात तीन पानं आणून दिली. वर 'पाहिले' लिहून सही केली. वाचायला वेळ कुणाला आहे?

२० जानेवारी
वर्कशॉपचा फोरमन आला. बोर्ड पाहिला. म्हणाला, साहेब, चांगलाच उजेड पाडलात की. नऊ महिन्यांतली पहिली शाबासकी. बाई उगाच खोकल्या. जळतात.

२ फेब्रुवारी
हिने कुकरची जादा रिंग डब्यात घालून कपाटात मागे ठेवलीय. म्हटलं, तूही बाईंच्या पंथातली. म्हणाली, खिळ्यावर टांगली की सैल पडते, एवढंही कळत नाही? बायकांना घरातलं आणि विमानातलं यातला फरक कळत नाही. दोन दिवस अबोला.

७ फेब्रुवारी
मुलगी आणि जावई जेवायला. जावई आमच्याच विमानांवर वैमानिक, त्यामुळे घरातही हवेतच असतात. या लग्नाला माझा विरोध होता. अजून आहे, फक्त पोटात ठेवलाय. विचारत होते, बाबा, रिंगांबद्दल काय ऐकतोय? म्हटलं, ताटाकडे लक्ष द्या. मुलीने डोळे वटारले. माझ्याकडे.

१८ फेब्रुवारी
दोन रिंगा खिळ्यांवरून गळून पडल्या. उंदीर असणार. पिंजरा मागवला.

३ मार्च
रिंगांवर बारीक रेघा दिसतात. फोरमनने एक अंगठ्याने ताणली, तुटली. त्याचा हातच जड. मेमो दिला.
म्हटलं, सहा नंबरच्या विमानातली काढून बसव. आमच्याकडे तशीच रीत, याची टोपी त्याला. तर म्हणाला, सहा नंबर आता फक्त बाहेरून विमान आहे.

१० मार्च
पिंजरा रिकामा. उंदीर हुशार आहे.

१२ मार्च
चार नंबरला चार रिंगा हव्यात. बोर्डावरच्या त्यातल्या त्यात बऱ्या निवडल्या. फोरमन म्हणाला, प्रमाणपत्राशिवाय हात लावणार नाही. बाईंनी सही करायला साफ नकार दिला. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आणि एका सहीची हिंमत नाही. मी केली. 'वापरण्यास योग्य.' सही छान वळणदार आली.

१७ मार्च
जमिनीवर चाचणी. थोडे तेलाचे थेंब. फोरमन म्हणतो, थेंब नाही, धार. जुनं विमान आहे, घाम येणारच. मेमो क्रमांक दोन.

१९ मार्च, दुपारी
उद्याची यादी लागली. चार नंबरवर जावई. यादी तीनदा वाचली. बदलत नाही.

१९ मार्च, संध्याकाळी सात
जावयांचा फोन. म्हणाले, बाबा, फोरमन नको म्हणतोय, पण प्रमाणपत्रावर तुमची सही आहे. तुम्ही म्हणाल तसं करतो. बसू का?
मागून मुलगी विचारत होती, कुणाचा फोन आहे, किती वेळ?
मला एक्केचाळीस स्लाइड पाठ आहेत. एकही आठवली नाही. नका बसू, एवढंच म्हणालो. आणि फोन ठेवला.
हिने विचारलं, कोण होतं? राँग नंबर, म्हटलं.

२० मार्च
विमान उडालं नाही. साहेबांनी कारण विचारलं. पुरवठादार, उंदीर आणि फोरमनचा अंगठा अशी तीन कारणं तयार होती. तेवढ्यात त्यांनी फाइलमधली बाईंची तीन पानं मोठ्याने वाचायला घेतली. मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. मुद्देसूद लिहिलंय.
मग विचारलं, मग प्रमाणपत्रावर सही का केलीत? तयार कारणांपैकी एकही इथे बसेना.

२१ मार्च
भांडार बाईंकडे. मी शेजारच्या टेबलावर. बाईंनी आधी पडदे लावले.
सकाळी मुलीचा फोन आला होता. काल यांना अचानक सुट्टी मिळाली म्हणाली, दिवसभर घरातच होते, अजून लोळतायत, उठायचं नाव नाही. हाक मारू का?
म्हटलं, नको. झोपू दे त्यांना.