खिशात राहिलेलं पत्र

१० सप्टेंबर २००६, रविवार

लिहायचं लिहायचं म्हणत पाच आठवडे गेले. वही रे.बाईंनीच दिली होती, कामाच्या पहिल्या दिवशी. "रोज काय झालं ते लिही. मी काय बोलले ते लिही. माझ्याने आता होत नाही." मी हो म्हटलं. मी सगळ्यांनाच हो म्हणते. पाच आठवड्यांत वहीवर चहाचे दोन गोल डाग पडलेत, बाकी कोरी. शुक्रवारी त्यांनी वही हातात घेऊन पानांवरून बोटं फिरवली. पेनाचे वळ लागतात का ते बघत असणार. म्हणून आज बसले.

रे.बाई म्हणजे रेनाटेबाई. जर्मन. फोटोग्राफर. वय बहात्तर. साउथहॅम्प्टनला गोदीच्या वरच्या अंगाला उंच, अरुंद घर, त्यात एकट्या. लायब्ररीतल्या बोर्डावर कार्ड होतं, 'डोळे हवे आहेत, सकाळी दहा ते तीन', खाली फोन नंबर. मला गंमत वाटली म्हणून फोन केला.

त्यांची नजर मधोमध गेलीय. कडा दिसतात. "तुझे कान दिसतात, खांदे दिसतात. चेहऱ्याच्या जागी धूर." जिने जन्मभर चेहरे काढले त्या बाईला हे.

वैशूताईला (मावसबहीण, इथे हॉस्पिटलात डॉक्टर, मी तिच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे अडगळीच्या खोलीत) नोकरीचं सांगितलं तेव्हा म्हणाली, "मंजे, किती दिवस टिकणार?"
"बघू."
"बघू नकोस. टिक."

बी.ए.चं दुसरं वर्ष सोडलं, मग पुणं, मग गोवा, मग हा वर्किंग हॉलिडे व्हिसा. टिकण्याचा अनुभव कमी आहे.

१३ सप्टेंबर, बुधवार

काम असं. खोक्यांत निगेटिव्हच्या पट्ट्या, आणि प्रत्येक रोलची काँटॅक्ट शीट, म्हणजे एकाच कागदावर तिकिटाएवढे फोटो. मी भिंग लावून सांगायचं काय दिसतं ते, त्यांनी नाव सांगायचं, मी पाठीमागे पेन्सिलीने लिहायचं. ऑक्टोबरच्या ३० ला युनिव्हर्सिटीवाले सगळं न्यायला येणार, त्यांच्या संग्रहासाठी. त्याआधी संपवायचं.

"टोपीवाला माणूस. हातात पिंजरा. पिंजरा रिकामा."
"मिस्टर अ‍ॅबट. पक्षी आदल्या दिवशी मेला. पिंजरा तरीही कॅनडाला नेला त्याने."

असे शेकडो. सगळ्यांची नावं पाठ. त्यांचा नियम होता म्हणे, नाव-पत्ता आधी रजिस्टरमध्ये लिहायचा आणि पहिला प्रिंट त्या माणसाला पोस्टाने पाठवायचा. पेपर नंतर, पुस्तक त्याहून नंतर.
"सगळ्यांना पाठवलेत?"
"जवळजवळ."
मी तेवढ्यात खिडकीतून क्रूझवर बटाटे चढवताना बघत राहिले. एका जहाजाला किती बटाटे लागतात! थप्पीमागून थप्पी.
"मांजी, पिंजऱ्यानंतर कोण?" (मंजिरी त्यांना जमत नाही.)

१५ सप्टेंबर, शुक्र.

आज स्वतःबद्दल बोलल्या. मी विचारलं नव्हतं, पाऊस होता म्हणून उजेड कमी, भिंग चालेना.

ब्रेमेनच्या. युद्ध संपलं तेव्हा अकरा वर्षांच्या. वडील आले नाहीत. त्यांचा कॅमेरा आईने पिठाच्या डब्यात ठेवलेला, विकला नाही. पंधराव्या वर्षी पासपोर्ट फोटोंच्या स्टुडिओत कामाला लागल्या. सगळ्या गावाचे कागद जळालेले, प्रत्येकाला नवा चेहरा काढून हवा होता. "दिवसभर म्हणायचं, सरळ बघा, हसू नका. तीच सवय पुढे माझी स्टाइल झाली. लोकांनी त्यावर निबंध लिहिले." मग विसाव्या वर्षी इथे, एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. सुट्टीच्या दिवशी गोदीवर जाऊन निघालेल्या प्रवाशांचे फोटो. मग पेपर, मग पुस्तक, लंडनला प्रदर्शनं, खाणीतले लोक, संप, मग कॉलेजात शिकवणं. सगळं पाच मिनिटांत, एकदा मध्ये जांभई देऊन.

"करिअर म्हणजे हेच गं. बाकी नुसतं जिने चढणं."

हे शब्द बसमध्येच तळहातावर लिहून घेतले.

१९ सप्टेंबर, मंगळ.

आज तो फोटो निघाला. मी आधी पाहिलेला, रे.बाईंचं नाव टाकलं की लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर पहिला हाच येतो.

जहाज सुटताना वरचे आणि खालचे लोक रंगीत कागदी फितीची दोन टोकं धरायचे. जहाज लांब जाईल तशी फीत तुटायची. फोटोत धक्क्यावर एक तरुण बाई आहे, तुटलेली फीत मुठीभोवती दोनदा गुंडाळलेली. सगळी गर्दी जहाजाकडे बघतेय. ही एकटी सरळ कॅमेऱ्यात.

मी म्हटलं, "फीतवाली बाई."
"आयलीन डॉसन," लगेच. मग, "ही राहिली. हिला प्रिंट पाठवला नाही."

युनिव्हर्सिटीला पोस्टरवर हाच हवाय, ३० तारखेला रे.बाईंनी परवानगीच्या कागदावर सही करायची. त्यांना आधी या बाईंचं 'हो' हवंय. पत्ता रजिस्टरात आहे, पोर्ट्समथचा, पंचेचाळीस वर्षांचा जुना. पत्र मी लिहायचं. उत्तर नाही आलं, किंवा 'नाही' आलं, तर सहीआधी त्या निगेटिव्हचे स्वतःच्या हाताने तुकडे करणार म्हणाल्या.
"पण हाच तर तुमचा..."
"हो. हाच तर माझा. चाळीस वर्षं लोक मला हिच्याबद्दलच विचारतात. दमले मी."

२१ सप्टेंबर, गुरु.

पत्र लिहिलं. इंग्रजीतलं पत्र म्हणजे मला परीक्षाच. चार कागद फाडले. रे.बाईंनी सांगितलं तसंच लिहिलं, ऑस्ट्रेलियाचं जहाज, तो धक्का, ती फीत, परवानगी द्याल का. पाकिटाबद्दल म्हणाल्या, "फक्त तिचं नाव. बाकी काही नको." नुसतं नाव फारच उघडंबोडकं दिसत होतं. आई कुणालाही पत्र लिहिताना श्री. व सौ. लिहिते. मी पण सुवाच्य अक्षरात 'मिस्टर अँड मिसेस डॉसन' लिहिलं, खाली रेघ. छान दिसलं. त्यांना दिसणार कुठे!

पोस्टाची पेटी बसस्टॉपच्या पुढे आहे. बस आली. उद्या टाकेन.

४ ऑक्टोबर, बुध.

कार्डिफ. म्हणजे कार्डिफहून परत. कॉलेजची मैत्रीण तिथे असते, शनिवार-रविवार म्हणून गेले आणि चार दिवस राहिले. काही विशेष केलं नाही. समुद्रापर्यंत चालत गेलो, सेकंडहँड बूट घेतले, एक नंबर मोठे. ट्रेनमध्ये जाकिटात हात घातला तर पत्र.

तेरा दिवस.

रे.बाईंना फोनवर ताप आलाय सांगितलं होतं. आज त्यांनी माझ्यासाठी सूप करून ठेवलेलं. अंदाजाने मीठ घातलेलं, दोनदा घातलं असावं. सगळं प्यायले.
"आयलीनचं काही आलं का गं?"
"अजून नाही."
"पोस्ट हल्ली उशीर करते."
घरी जाताना पत्र पेटीत टाकलं. आत पडल्याचा आवाज ऐकून मगच हलले.

९ ऑक्टोबर, सोम.

सावकाश लिहिते.

रे.बाई आज पहिल्यांदाच पूर्ण बोलल्या. आयलीनबाई त्या दिवशी धक्क्यावर ज्याला सोडायला आल्या होत्या तो त्यांचा नवरा नव्हता. नवरा दुसऱ्या जहाजावर स्टुअर्ड, तेव्हा समुद्रात. फोटो पेपरात आला. आयलीनबाईंनी रे.बाईंना पत्र पाठवलं, नवरा परत यायच्या आत पेपर रद्दीत जाईल, त्याला कळायचं नाही, पण कृपा करून पुन्हा कुठे छापू नका. रे.बाईंनी उलटटपाली वचन दिलं. पाच-सहा वर्षांनी पहिलं पुस्तक निघालं. प्रकाशकाला कव्हरवर हाच हवा होता.

"आणि मी हो म्हटलं. मला वाटलं, इतकी वर्षं झाली, कोण ओळखतंय."

त्यानंतर आयलीनबाईंचं एक अक्षर नाही. नवऱ्याने पाहिलं की नाही, कळलं की नाही, रे.बाईंना आजतागायत माहीत नाही. "म्हणून म्हटलं पाकिटावर फक्त तिचं नाव."

मी भिंग पुसत बसले. कितीतरी वेळ पुसलं.

१० ऑक्टो.

वैशूताईला सांगितलं. ती कामावरून दमून आलेली, बूट काढता काढता थांबली.
"श्री. व सौ.? अगं, लग्नाची पत्रिका होती का ती?"
मला हसू आलं आणि मग रडू. तिने पोळी वाढली.
"तिला सांग. उद्या."
"त्या काढून टाकतील."
"मग टाकतील. पण तिला सांग, मंजे. तू प्रत्येक ठिकाणाहून ही वेळ आली की निघतेस. पुण्याहून तशीच निघालीस."
हे खरं आहे. ट्रेनचं टाइमटेबल माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात असतं नेहमी.

१६ ऑक्टोबर, सोम.

सांगितलं. पाच दिवस उशिरा, पण सांगितलं. पाकिटाचं, खिशाचं, कार्डिफचं, तापाचं पण. रे.बाई खुर्चीत होत्या, तोंड माझ्याकडे नाही, जरा बाजूला, तसं केलं की त्यांना मी कडेने थोडी दिसते.

"तिकीट लावलं होतंस ना?"
"हो."
"मग पोचलं असेल."

उठल्या, चहा ओतला, कपाबाहेर गेला, मी पुसायला गेले तर हात बाजूला केला माझा. स्वतः पुसलं. नंतर म्हणाल्या, "तू निष्काळजीपणाने केलंस. मी विचार करून केलं होतं. ह्यातलं वाईट कुठलं ते मला विचारू नकोस, मी ह्यात तज्ज्ञ आहे." आणि मग, "उद्या दहाला ये. अजून अकरा खोकी आहेत."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर निघून जाणं सोपं होतं.

२४ ऑक्टोबर, मंगळ.

काही आलं नाही. रोज मी गेल्या गेल्या विचारतात, पोस्ट आली का. आली. गॅसचं, पिझ्झाचं, कौन्सिलचं.

खोकी तीन राहिली. डोळे माझे पण चुरचुरतात आता. आज मी फोटो सांगायच्या आधीच नाव सांगितलं एकाचं, 'हा मिस्टर अ‍ॅबट, पुन्हा.' रे.बाई हसल्या. पहिल्यांदा.

आयलीनची पट्टी वेगळ्या पाकिटात, टेबलावर, शेजारी कात्री. ती कात्री मी दोनदा ड्रॉवरमध्ये ठेवली. दोनदा परत बाहेर.

२९ ऑक्टोबर, रवि.

घड्याळं एक तास मागे झाली आज. रविवार असून गेले, शेवटचं खोकं होतं. संपलं. टेप लावली, नंबर घातले. आयुष्यभराचं काम पुढच्या खोलीत रचलेलं, बाहेरून पाहिलं तर कुणी घर बदलतंय वाटेल.

"उद्या अकराला येतील ते," रे.बाई म्हणाल्या. "साडेदहाला मी कापते. तू थांब. मला पट्टीची कड नीट सापडत नाही."
"मी नाही धरणार."
"धरशील. तुला आता सगळ्यांत जास्त तीच माहिती आहे."
"थोडं अजून थांबलो तर? आठवडाभर?"
"मांजी, तू थांबण्यातली आहेस. मी पण तशीच होते. चाळीस वर्षं थांबून बघितलं मी."

३० ऑक्टोबर, सोमवार

सकाळ, पावणेदहा. रे.बाईंच्या स्वयंपाकघरात. किटली लावलीय, ती उकळेपर्यंत लिहिते. लिहितेय तोवर वर जावं लागत नाही.

थोड्या वेळापूर्वी बेल वाजली. वाटलं युनिव्हर्सिटीवाले लवकर आले. दार उघडलं तर एक म्हातारे गृहस्थ, ताठ, टाय लावलेला, बूट इतके चकचकीत की माझे मी मागे घेतले. हातात सुपरमार्केटची पिशवी, तिच्यातून त्यांनी पाकीट काढलं. माझं अक्षर. माझी रेघ.

त्यांनी 'मिस्टर'वर बोट ठेवलं. "हा मी."

हॉलमध्ये खुर्ची दिली. बसले नाहीत.
"ज्यांनी फोटो काढला त्या बाई आहेत का?"
"वर आहेत. त्यांना दिसत नाही नीट."
"मला दिसतं," म्हणाले. "मला तो फोटो बघायचाय. तिच्या आधी."
"कुणाच्या आधी?"
त्यांनी रस्त्याकडे मान वळवली. "गाडीत बसलीय. तिला म्हटलं, चल, जहाजं बघून येऊ. हे पत्र मी तिला अजून दाखवलं नाही."

चहा आणते म्हटलं आणि इकडे पळाले, ते हॉलमध्येच उभे आहेत. त्यांना आजवर काय माहीत होतं, काय नव्हतं, चेहऱ्यावरून काही कळत नाही. रे.बाई असत्या पूर्वीच्या तर त्यांना कळलं असतं.

ह्या खिडकीतून गाडी दिसते. निळी. पुढच्या सीटवर पांढऱ्या केसांची बाई, मांडीवर पर्स, पर्सचा पट्टा मुठीभोवती दोनदा गुंडाळलेला. समोर अख्खं बंदर आहे, मोठी क्रूझ लागलीय. तिकडे बघत नाहीये. सरळ इकडे बघतेय, माझ्याकडे.

किटली बंद झाली. वरून काठीचा आवाज येतोय, रे.बाई जिन्याच्या तोंडाशी आल्या. एका हातात ती पट्टी असणार.

"मांजी? कोण आलंय?"