कडू लागलं की थांबा

४ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांसाठी पार्सल पाठवलंय. आमच्या प्रयोगशाळेतलं नवं यंत्र आहे. चष्म्यावरचा कॅमेरा रस्ता बघतो आणि तोंडात टाळूला लावलेली पट्टी जिभेला चव देते. गोड लागलं की चालत राहायचं, आंबट लागलं की बाजूला सरकायचं, कडू लागलं की जागच्या जागी थांबायचं. बोलणारं यंत्र त्यांना नकोच होतं, कान गाड्यांसाठी मोकळे हवेत म्हणाले. नजर अधू झाल्यापासून चौकापलीकडे मित्रांकडे जायचं त्यांनी सोडलंय, ते मला बघवत नाही. तू हसशील, पण चालवून तर बघा.

तुझी लाडकी,
कटकट

१५ फेब्रुवारी

चि. कटकटीस,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, थोडी हसले. हे पट्टी लावून ऐटीत निघाले, मी मागोमाग. कोपऱ्यावर सायकलवाला आला आणि हे सरळ त्याच्या अंगावर गेले. कोपर खरचटलं, बाकी ठीक. पट्टी कशी वाटली विचारलं तर म्हणाले, बरी आहे. माझ्या स्वयंपाकालाही लग्न झाल्यापासून हेच उत्तर. छापखान्यात मुद्रितं तपासताना जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, पण घरच्या ताटाला कधी नाव ठेवलं नाही, हे मी चारचौघांत मिरवते. तुझं यंत्र मात्र बिघडलेलं दिसतंय.

जपून राहा, जेवत जा.
तुझी आई

१९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

यंत्र ठणठणीत आहे. सायकल दिसताच त्यानं कडू चव दिली होती. बाबांना फोनवर खोदून खोदून विचारलं. बरेच आढेवेढे घेऊन म्हणाले, लागलं होतं, चांगलं कडूजहर लागलं होतं. पण घरात इतकी वर्षं जिभेवर काहीही आलं तरी चेहरा न बदलता पुढे जायची सवय, ती रस्त्यावर कशी सुटणार?

मला हसू आवरेना, मग भीती वाटली. उद्या सायकलच्या जागी ट्रक असेल. महिनाभरात ते थांबायला शिकले नाहीत तर आमचे सर यंत्र परत मागवतील आणि बाबा पुन्हा खिडकीत बसतील. काय करू, सांग.

रागावली असलीस तरी तुझीच,
कटकट

१२ मार्च

चि. कटकटीस,
अनेक आशीर्वाद.

दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. फार लागलं गं मला. जे मिरवत होते त्याचंच हसं झालं. मग मनात आलं, हे जिवानिशी गेले तर रुसू कुणावर? म्हणून मीच शिकवणी घेतली. रोज एक पदार्थ मुद्दाम बिघडवायचा, कधी भाजी करपवायची, कधी सूप खारट करायचं. यांनी चमचा खाली ठेवून बिघडलंय म्हणायचं, अशी तंबी दिली. आधी घास तोंडात धरून माझ्याकडे बघत बसायचे. हळूहळू धीट झाले. परवा चौकात पट्टी कडू लागली तसे जागीच उभे राहिले आणि समोरून ट्रक गेला. मी त्यांचा हात धरून रस्त्यातच रडले. काल एकटे मित्रांकडे जाऊन आले. तुझ्या सरांना सांग, यंत्र परत मिळणार नाही.

शिकवणी संपली, म्हणून आज मन लावून स्वयंपाक केला. पहिल्याच घासाला यांनी चमचा खाली ठेवला.

तू तरी माया पातळ करू नकोस, या घरात आता मला तिची गरज पडणार आहे.
तुझी आई